पुढची जागा

पडद्यावर आई दिसली.

आधी पल्लवीला वाटलं, आईसारखी दिसणारी दुसरीच कुणी बाई असेल. स्टेजच्या दोन्ही बाजूंना उभारलेल्या भल्यामोठ्या पडद्यांवर कॅमेरावाला कधीपासून गर्दीतले चेहरे दाखवत होता. गालावर रंग फासलेल्या पोरी, काळे टीशर्ट घातलेली पोरं, एकमेकांच्या खांद्यावर बसलेली जोडपी. ज्याचा चेहरा दिसे तो हात हलवून ओरडे आणि मग दुसऱ्याची पाळी येई. असं चाललेलं असताना मध्येच लाल-निळ्या पट्ट्यांची एक सतरंजी आली आणि तिच्यावर मांडी घालून बसलेल्या पाच-सहा बायका. डोक्यावर पदर, शेजारी पाण्याची बाटली, एकीच्या पुढ्यात फडक्यात बांधलेली भाकरी. मधली बाई कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. हनुवटी जरा वर करून ती रिकाम्या स्टेजकडे बघत होती. कुणाची तरी यायची वेळ टळून गेलीय आणि आता त्याला जाब विचारायचाय, अशी. ती हनुवटी पल्लवी जन्मापासून बघत आली होती. मैदानभर शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी ‘आजी, आजी’ असा गजर सुरू केला. शेजारी उभी असलेली आरोही, म्हणजे पुण्याच्या फ्लॅटमधली पल्लवीची मैत्रीण, छातीवर हात ठेवून म्हणाली की कसल्या गोड आहेत या बायका, त्या मधल्या काकूंना तर उचलून घरी न्यावंसं वाटतंय. पल्लवी हातातल्या कागदी ग्लासातून सरबत पीत राहिली. ग्लास केव्हाच रिकामा झाला होता, हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

आई इथं असायला नको होती. आणि आईच्या लेखी तर पल्लवीही इथं नव्हती, ती पुण्यात ऑफिसात बसलेली होती. यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली, शनिवार-रविवार जोडून आले, तेव्हा आईनं आठवडाभर आधीच फोन केला होता की झेंड्याला ये, हुरडा आलाय. पल्लवीनं सांगितलं, सुट्टी मिळत नाहीये. आई नुसतं ‘बरं’ म्हणाली. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. खरं कारण असं की आरोहीनं तोवर तिकिटं काढून टाकली होती. मराठवाड्यात, उघड्या रानात, तीन दिवसांचा रॉकचा जलसा! हळदीच्या एका बड्या व्यापाऱ्याचा मुलगा बेंगळुरूहून परत आला होता आणि त्यानं नांदेड रोडला, आखाडा बाळापूरच्या पुढं, वडिलांच्या सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या रानावर रोलर फिरवून हे मैदान केलं होतं. शेजारच्या रानात हळद शिजवणं चालू होतं, तिचा उग्र, मातकट वास वाऱ्याबरोबर येत होता आणि पुण्या-हैदराबादची पोरं एकमेकांना विचारत होती की हा कसला वास. पल्लवीला तो माहीत होता, पण तिनं सांगितलं नाही. सकाळी औंढ्याला थांबून ऑफिसमधल्या ओमप्रकाशनं देवळाच्या कोरीव भिंतींचे फोटो काढले, तोवर सगळं ठीक होतं. हिंगोली मागं पडली, कळमनुरी मागं पडली आणि पुढं बाळापूर येणार म्हटल्यावर पल्लवीनं जर्किनची टोपी डोळ्यांवर ओढली आणि झोपेचं सोंग घेतलं. आरोहीनं गावाची पाटी मोठ्यानं वाचली, आणि इथं कुस्त्या होतात का म्हणून हसली. मिटल्या डोळ्यांनी पल्लवीला बाजाराचा कालवा ऐकू आला, पंक्चरवाल्याची हवेची मशीन ऐकू आली, आणि गाडीनं ज्या गतिरोधकावर गचका खाल्ला त्याच्या डाव्या हाताला पल्लवीच्या घराची गल्ली होती. एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती: मैदानाला परवानगी देताना गावानं एक अट घातली होती, की गावकऱ्यांना आत फुकट सोडायचं. धाकट्या भावानं, धम्मदीपनं, पास आणले असणार आणि टेम्पोही त्यानंच सांगितला असणार.

मी नांदेड साइडची, असं तिनं पुण्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. हिंगोली म्हटलं की ती कुठं आली हे समजावत बसावं लागे. मैत्री जुनी झाली तरी ती नांदेड साइडचीच राहिली. वाईट माणसं असती तर एक वेळ सोपं गेलं असतं. पण आरोहीला जगातलं कुणीही आवडायचं, रिक्षावाल्यापासून मांजरापर्यंत. आणि ओमप्रकाशच्या खोलीत तर बाबासाहेबांचा फोटो होता. चार लोक जमले की जातिव्यवस्थेवर तो असा काही बोलायचा, आकड्यांनिशी, की पल्लवी तेवढ्यापुरती चहा ठेवायला उठून जायची. यांना कळलं असतं तर यांनी तिला दूर केलं नसतं. यांनी हट्टानं तिच्या घरी येऊन जमिनीवर बसून ठेच्याशी भाकरी खाल्ली असती, आईला ग्रेट म्हटलं असतं, तिचे चुलीपुढचे फोटो काढले असते; आणि आईनं त्यांना वाढताना एकदा पल्लवीकडे बघून घेतलं असतं. त्या बघण्याची तिला भीती वाटायची. रात्री झोप येत नसली की हे सगळं ती स्वतःला असंच समजावून सांगायची आणि ते बरंच खरंही होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. तिला लाज वाटायची. गिलावा न झालेल्या भिंतीची, आईच्या मोठ्या आवाजाची, तिच्या ‘न्हाई’ची आणि ‘काहून’ची. आणि अशी लाज वाटते याची वेगळी लाज वाटायची, ती त्याहून जड होती.

पडद्यावर आता कुणी वेगळेच चेहरे होते. पण सतरंजी कुठं आहे ते तिला कळलं होतं: स्टेजच्या ऐन पुढं, कठड्याला लागून. दुसरीकडं कुठं असणारच नाही. आईला, म्हणजे जनकाबाईला, पुढचीच जागा लागायची. जयंतीच्या महिन्यात आसपासच्या गावांमध्ये भीमगीतांचे सामने व्हायचे, दोन गायन पार्ट्या समोरासमोर. त्यांना जायचं म्हटलं की आई उन्हं कलायच्या आत भाकऱ्या बांधून, सतरंजी काखेत मारून, पल्लवीला हाताला धरून निघायची. वडील मुंजाजी मागं कुठं तरी लिंबाखाली उभे राहून ऐकायचे, त्यावरून आई त्यांची चेष्टा करायची. ती म्हणायची, पुढं बसलं की गाणाऱ्याचं तोंड दिसतं, मागं निस्ता आवाज येतो. जो आधी येऊन सतरंजी टाकेल त्याची ती जागा. मागून कितीही मोठा माणूस आला तरी त्यानं कडेनं जायचं, दुसऱ्याच्या सतरंजीवर पाय द्यायचा नाही; हे सगळे पाळायचे, अगदी पिऊन आलेलेसुद्धा. पल्लवी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि ढोलकीचा घुमारा जमिनीतून, सतरंजीतून, मांडीतून तिच्या कानात यायचा. पुढं पुण्यात कुणीतरी हेडफोन तिच्या कानाला लावला आणि तिनं पहिल्यांदा बेस गिटार ऐकली, तेव्हा तिला तो घुमारा ओळखीचा वाटला होता. तिला रॉक कसं काय आवडायला लागलं, असं आरोहीनं विचारलं की ती म्हणायची, असंच.

आणि पुढं बसण्यामागं आणखी एक गोष्ट होती. आईच्या माहेरी, ती लहान असताना, कीर्तन असलं की त्यांच्या लोकांनी मांडवाच्या बाहेर बसायचं असा रिवाज होता. एकदा परकर सावरत लहानगी जनका मांडवात शिरली आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन बसली. कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. एक माणूस आला, वाकला आणि हळूच म्हणाला, ऊठ बाई, मागं जा. ही गोष्ट सांगताना आई ‘हळूच’ या शब्दावर थोडी थांबायची. मारलं असतं तर विसरले असते, म्हणायची. त्यानंतर आई कुठल्याही कार्यक्रमाला कधी मागं बसलेली पल्लवीला आठवत नव्हती. शाळेच्या स्नेहसंमेलनात सरपंचाच्या बायकोसाठी राखून ठेवलेल्या खुर्चीवर ती बसली होती आणि पल्लवीला तेव्हाही जमीन दुभंगावी असं झालं होतं.

पण इथली रीत निराळी होती. इथं पुढं कुणी बसत नाही. मेन बँड सुरू झाला की पुढची पोरं मध्ये मोकळी जागा करतात आणि मग दोन्हीकडून धावत येऊन एकमेकांवर आदळतात, हे ओमप्रकाश मघापासून रंगवून सांगत होता. मागच्या वर्षी अशाच धक्काबुक्कीत त्याच्या दाताचा टवका उडाला होता, तो ओठ वर करून तो सगळ्यांना दाखवायचा. पल्लवीनं विचारलं की कुणी पडलं तर? तो म्हणाला, पडलेल्याला लगेच उचलतात, तसा नियमच असतो. उभं असलेलं माणूस पडलं तर, असं तो म्हणत होता. बसलेल्या माणसाचं काय, ते त्याच्या नियमात नव्हतं. सूर्य पार खाली आला होता, मागून लोंढ्यानं लोक येत होते आणि पाठीवर, दंडांवर माणसांचा दाब जाणवायला लागला होता. पडद्यावर पुन्हा सतरंजी आली. काळ्या कपड्यांतले दोन राखणदार वाकून बायकांशी काहीतरी बोलत होते. आईनं मान न वळवता नुसता पंजा हलवला. राखणदार एकमेकांकडे बघून निघून गेले. सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या आणि क्षणभर, एकच क्षण, पल्लवीचा ऊर भरून आला. मग लक्षात आलं, राखणदार आता परत येणार नव्हते. ही गर्दी टाळ्याही वाजवणार होती आणि तुडवणारही होती, दोन्ही अगदी मजेमजेत.

धम्मदीपला फोन करावा, तर तो पहिला प्रश्न विचारणार, तू कुठून बघितलंस. डोकं दुखतंय सांगून तंबूत जाऊन पडावं, तर तिथं हा आवाज ऐकू येणारच. कुणीतरी उठवील की त्यांना, एवढी माणसं आहेत. कुणीतरी म्हणजे कोण हे ती मनातल्या मनात शोधत राहिली आणि तिला एकही चेहरा सापडेना. स्टेजवर कुणीतरी ड्रमवर एक ठोका मारून बघितला. तो बरगडीत बसला. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “त्या बायकांना उठवायला पाहिजे कुणीतरी.” आरोही म्हणाली, अगं खरंच, चल आपण जाऊ. इतक्या चटकन म्हणाली की नको म्हणायला फट राहिली नाही, आणि ओमप्रकाशही वाट काढायला पुढं झाला. पल्लवीला एकटीला जायचं होतं. आता ती दोघांच्या मध्ये चालत होती, ‘सॉरी, सॉरी’ म्हणत, घामाच्या, सिगारेटच्या, अत्तराच्या वासातून. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं, की तिथं पोचल्यावर पहिला शब्द कोणता उच्चारायचा. गर्दी दाट झाली तसं तिला बरं वाटायला लागलं, की कदाचित पोचणारच नाही. मग असं बरं वाटल्याचं तिला कळलं आणि तिनं दोन पोरांच्या मधून अंग घुसवलं.

सतरंजीच्या चारही कडांना पोरं उभी होती. नाही म्हणायला त्यांनी तिच्यावर पाय दिला नव्हता, पण मागच्यांचा रेटा आला की त्यांचे बूट कडेवर सरकत होते. इतक्या जवळून आई पडद्यावरच्यापेक्षा लहान दिसत होती. केस मागच्या दिवाळीपेक्षा पांढरे झाले होते. पल्लवी वाकली. आरोही तिच्या खांद्याला खेटून वाकलेली होती, तिचा श्वास पल्लवीच्या मानेवर येत होता. पल्लवीनं तोंड उघडलं.

“मावशी, उठता का?” ती म्हणाली. “इथं लागेल तुम्हाला. मागं चला.”

हळूच म्हणाली. जनकाबाईनं मान वर केली. आधी तिच्या डोळ्यांत नुसता आनंद आला, अवचित आलेल्या लेकराला बघून येतो तो, आणि तो तिथंच असताना तिनं पल्लवीमागच्या आरोहीला बघितलं, ओमप्रकाशला बघितलं, पल्लवीच्या मनगटावरचा, तिकिटाबरोबर मिळालेला चमकता पट्टा बघितला. शेजारच्या पार्वतीबाईंनी, त्यांच्या गल्लीतल्याच त्या, डोळे बारीक केले आणि बोट वर केलं.

“अगं बया, ही तर आपली—”

“न्हाई,” जनकाबाईनं त्यांच्या मांडीवर हात दाबून ठेवला. “तशी दिसती निस्ती.” मग पल्लवीकडे न बघता ती म्हणाली, “तकलीफ झाली, ताई, तुमाला. उठतो आमी.”

राखणदारांना पंज्यानं वाटेला लावणारी बाई लगेच उठायला लागली. गुडघ्यावर हात टेकून उठली, बाकीच्या बायकांना उठा म्हणाली, भाकरी उचलली आणि त्या गर्दीतही सतरंजी झटकून घडी घालायला लागली. त्याच वेळी स्टेजवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि मेन बँडचा पहिला सूर कानावर आदळला. मागून रेटा आला. आपल्या अंगावर कुणीतरी भिंत ढकलतंय एवढंच पल्लवीला कळलं. आई सतरंजीत पाय अडकून बसली, बसली म्हणजे पडली, आणि तिच्यावर कुणीतरी, आणि त्याच्यावर पल्लवी. तोंडात धूळ गेली. हाताला आईचं लुगडं लागलं, ते तिनं मुठीत धरलं. तो आवाज आता कानानं ऐकू येत नव्हता, जमिनीतून छातीत येत होता. आई, आई, असं ती ओरडत होती की नुसतं तोंड उघडत होती ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. ओमप्रकाश मात्र खोटं बोलला नव्हता. चार-पाच पोरांनी हात धरून साखळी केली, पडलेल्यांना उचललं आणि त्या बायकांना अलगद कडेला, औषधोपचाराच्या तंबूपाशी आणून सोडलं. सतरंजी तिथंच राहिली.

तंबूच्या बाहेर आवाज जरा कमी होता. जनकाबाईचा घोटा मुरगळला होता, तो बघता बघता सुजायला लागला. डॉक्टरबाईंनी पट्टी बांधली आणि हाड मोडलेलं नाही म्हणून सांगितलं. बाकीच्या बायकांना ओमप्रकाश चहा पाजायला घेऊन गेला. पार्वतीबाई जाताना पल्लवीच्या अगदी जवळून गेल्या, समोर बघत. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि तिथून स्टेजचा जो एक कोपरा दिसत होता त्याकडे बघत होती. आरोही तिच्यापुढं उकिडवी बसून तिला बाटलीनं पाणी पाजत होती, तिच्या पदराची धूळ झटकत होती. पल्लवी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ते पाणी तिनं पाजायचं होतं, ती धूळ तिनं झटकायची होती. दुखतंय का, असंसुद्धा तिला विचारता येईना. विचारायचं तर अहो म्हणून विचारायचं की अगं म्हणून, तिथंच ती अडत होती. आरोहीनं विचारलं, काकू, घरी कोण कोण असतं? मुलं किती तुम्हाला?

“एक पोरगा हाय. एक पोरगी हाय, ती पुन्याला असती, मोठ्या कंपनीत.”

“मग ती नाही आली तुमच्याबरोबर? एवढी जोडून सुट्टी होती.”

“तिला न्हाई मिळाली सुट्टी,” आई म्हणाली.

तिच्या आवाजात काहीही नव्हतं. राग नव्हता, टोमणा नव्हता. पोरीची बाजू घेऊन लोकांना सांगावं तसं तिनं सांगितलं, शेजारणींना एरवी सांगत असेल तसंच. पल्लवीला वाटलं, हिनं थोबाडीत मारली असती तर आपण निदान रडलो असतो. बिचारी, आरोही म्हणाली, आणि मग तिला ती कल्पना सुचली. तिला नेहमीच अशा कल्पना सुचायच्या. आपण तिला फोन लावू या ना, तिलाही गाणं ऐकवू, आई कॉन्सर्टला आलीय म्हटल्यावर किती खूश होईल ती. जनकाबाई म्हणाली, राहू द्या, तिला कामं असत्यात. आरोही म्हणाली, एकच मिनिट. राहू द्या, आई पुन्हा म्हणाली. आरोहीनं हात पुढं केला तो केलाच. तेव्हा आईनं गळ्यातली कापडी पिशवी उघडली, बटणांचा जुना फोन काढला, एक बटण अंगठ्यानं दाबून धरलं आणि फोन आरोहीच्या हातात ठेवला. हे सगळं करताना तिनं पल्लवीकडे एकदाही बघितलं नाही.

पल्लवीच्या खिशात फोन थरथरला. इतक्या गोंगाटात तो कुणाला ऐकू येण्यासारखा नव्हता. तो तसाच थरथरू द्यायचा होता, आपोआप बंद होईपर्यंत. मग आरोही म्हणाली असती, नाही उचलत. मग चहा आला असता, टेम्पो आला असता, सोमवारी झेंडावंदन झालं असतं आणि गाडी पुण्याला लागली असती. सोपं होतं. आतापर्यंत तिनं सगळं असंच केलं होतं, काही न करून. रिंग जातेय, आरोही फोन कानाला लावून उत्साहानं म्हणाली.

“न्हाई उचलायची ती,” आई म्हणाली. “कामात असती.”

पल्लवीनं फोन बाहेर काढला. काचेवर ‘आई’ असं आलं होतं. तिचा अंगठा घामानं घसरला, पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा लागला. तिनं फोन कानाशी नेला. आरोही हॅलो हॅलो करत होती. ते तिला समोरूनही ऐकू येत होतं आणि कानातूनही.

“आई,” पल्लवी म्हणाली, “मी हितंच हाय गं. सुट्टी होती मला. खोटं बोलले मी.”

आरोहीचं हॅलो थांबलं. तिनं हातातल्या फोनकडे बघितलं, मग पल्लवीकडे, मग खुर्चीतल्या बाईच्या हनुवटीकडे. तिनं फोन हळूहळू कानापासून काढला आणि जनकाबाईच्या पुढं धरला. जनकाबाईनं तो घेतला, हातातल्या हातात उलटासुलटा केला. बंद करील असं पल्लवीला वाटलं. आईनं तो पदरानं पुसला, कानाला लावला आणि तसंच समोर बघत राहिली.

“बोल,” ती फोनमध्ये म्हणाली. “ऐकून राहिले मी.”